मनगटावरचा आकडा

पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये लिफ्टने एक छोटासा झटका दिला आणि ती थांबली. एवढासाच झटका, चालता चालता चपलेचा अंगठा तुटावा तसा. पण माझ्यासोबत चादरींचा गाडा घेऊन उभ्या असलेल्या मावशींनी "अगं आई गं!" म्हणून गाड्याला मिठीच मारली. मी ओरडले नाही. लिफ्ट-मेकॅनिकच्या मुलीने लिफ्ट अडकल्यावर ओरडणं म्हणजे पोहायला शिकवणाऱ्या बाईंच्या मुलीने बादलीत गटांगळ्या खाण्यासारखं आहे. "मावशी, दाराला हात लावू नका," मी म्हटलं, "दार ओढलंत तर वरच्या माणसाचं काम वाढतं. ते पिवळं बटण दाबा आणि दाबूनच धरा, पाच आकडे होईपर्यंत." मावशींनी बटणाकडे पाहिलं, मग माझ्या शाळेच्या गणवेशाकडे. "तुला गं काय एवढं माहीत?" "माझे बाबा हेच काम करतात," मी म्हटलं, आणि पुढचे पाच आकडे मीच मनात मोजले, कारण मला एकदम तोंड मिटून घ्यावंसं वाटलं. बाबा याच हॉस्पिटलात सातव्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर होते. चार दिवसांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा दुसरा झटका आला होता, आणि हे काम ते यापुढे करणार नव्हते. डॉक्टरबाईंनी आईला कालच सांगितलं होतं, हृदयाचा जोर निम्म्याहून खाली आलाय, शिड्या बंद, खांद्यावर अवजारांची पिशवी बंद. आई नुसती मान हलवत होती. मी बाईंच्या पेनाकडे बघत होते. बोलताना त्या त्याचं टोपण उघडत होत्या, बंद करत होत्या, उघडत होत्या.

आणि मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या होत्या, "घरची साखरेची नोंद तूच ठेवतेस ना? मागे आणली होतीस ती छान वही. उद्या पुन्हा घेऊन ये. घरी सोडताना कोणती गोळी ठेवायची, कोणती काढायची, ते मला त्यावरून ठरवायचंय." छान वही. माझ्या दप्तरात आत्ता दोन वह्या होत्या. एक छान. दुसरी कच्ची, तिचं पुट्ठ्याचं पान सुटलेलं, कोपऱ्यांवर ग्रीसचे ठसे. दोन्ही का घेतल्या होत्या, हे मला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. सकाळी छान वही भरली, चेन ओढली, बूट घातले, मग परत चेन उघडून दुसरीही कोंबली. बरोबर न्यायची, द्यायचीच असं नाही. वर जाईपर्यंत बघू, असं काहीतरी. आता लिफ्टने मध्येच उभं करून ठेवलं होतं आणि बघायला दुसरं काहीच नव्हतं. चार पत्र्याच्या भिंती, एक आरसा, त्यात मी, मावशी आणि चादरी.

गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात असून नसल्यासारखी होते. हजेरी घेताना माझा "हजर" ऐकू यायचा नाही म्हणून बाई दोनदा पुकारायच्या. बोलायला उभं राहिलं की कानशिलं तापायची आणि शब्द एकमेकांच्या पायात पाय अडकून पडायचे. बाबांना पहिला झटका आला, हृदयाच्या नळीत स्टेंटच्या दोन जाळ्या बसवल्या आणि सोबत साखरही निघाली. तेव्हा आई पार्सल ऑफिसातून संध्याकाळी सातला यायची, म्हणून बाबांची वही माझ्याकडे आली. सकाळी उपाशीपोटी एक, दुपारी कामावर एक, रात्री जेवणानंतर दोन तासांनी एक. बोट टोचायचं, पट्टीवर थेंब घ्यायचा, मशीन आकडा दाखवतं. मला ते इतकं आवडायला लागलं की मलाच नवल वाटायचं. कुणीतरी मोठं माणूस माझ्यासमोर हात पुढे करून बसायचं आणि मी म्हणेपर्यंत हलायचं नाही! "इन्स्पेक्टर आले," बाबा म्हणायचे. त्यांच्या कामात वर्षातून एकदा तपासणीला एक इन्स्पेक्टर यायचा, त्याला पाहून सगळे शर्ट खोचायचे. "इन्स्पेक्टरसाहेब, आज जरा सांभाळून घ्या, काल एक बिस्किट झालंय." "किती?" "एक म्हणजे... पुडा एकच होता." आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "तिला हसवू नका, सुई हातात आहे तिच्या!"

दुपारचा आकडा मात्र बाबा एकटेच घ्यायचे, कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, दोरांच्या चाकाशेजारी बसून. कागद सापडायचा नाही, हात ग्रीसने माखलेले, म्हणून ते खुणेच्या जाड पेन्सिलीने आकडा डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लिहायचे. संध्याकाळी घरी आल्यावर बाही वर सारून मनगट माझ्यापुढे धरायचे आणि मी तिथून वाचून वहीत उतरवून घ्यायची. कधी घामाने सात पुसट होऊन एक वाटायचा. त्या मनगटाला लोखंडाचा आणि साबणाचा मिळून एक वास होता, तो मला आत्ता या पत्र्याच्या डब्यात एकदम आला. खरं तर इथे नुसता धुतलेल्या चादरींचा वास होता.

"वाजली का गं ती घंटा कुठे?" मावशींनी विचारलं. "वाजली असणार. येतील." "येतील म्हणे. आठवडाभर कुरकुरतेय ही बाई. चढताना एक धक्का, उतरताना एक धक्का. तिथे बाहेर पाटीवर काय लिहिलंय वाचलंस? तपासली, उत्तम. उत्तम म्हणे!" मावशींनी चादरीवर हात आपटला. "तुम्ही सांगितलंत का कुणाला, धक्के बसतात म्हणून?" "मी कशाला सांगू? एवढं उत्तम लिहिलेलं असताना मी चादरीवाली बाई सांगणार होय? वाटलं, माझंच पाऊल लटपटतंय." मी हसले, आणि मग आरशातल्या माझ्या हसण्याकडे पाहून थांबले.

विज्ञानाच्या प्रयोगवहीला मला दहापैकी दहा मिळतात. लंबकाचा प्रयोग होता, दोऱ्याला गोळा बांधून झोके मोजायचे. एक आकडा सगळ्यांपासून फारच लांब आला की बाई म्हणायच्या, "हात चुकला असेल, तो सोड, पुन्हा घे." कच्च्या वहीत काहीही चालतं, पक्क्या वहीत स्वच्छ. हे मला इतकं पटलं होतं की त्यात काही पटवून घेण्यासारखं आहे हेच विसरले. वार्षिक प्रदर्शनासाठी मी विषय घेतला बाबांची साखर. तीन महिने, दोनशे एकोणचाळीस आकडे. मोठ्या कागदावर हिरव्या पेनाने रेघ काढायला बसले तर ती रेघ कसली, वेड लागलेल्या माणसाची सही! एकशे दहा, एकशे तीस, मग एकदम चोपन्न, मग रात्री तीनशे बारा, परत एकशे वीस. मी कागदापासून लांब जाऊन पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं. वाईट दिसत होतं. आणि दुपारचे ते खालचे आकडे कुणाचे? मनगटावरचे. ग्रीसच्या बोटाने काय खरं येणार! रात्रीचे ते वरचे कसले? जेवून हात न धुता बसले असतील. मी एकेक आकडा काढत गेले. प्रत्येकाला माझ्याकडे कारण होतं. तेवीस आकडे गेले आणि त्यांच्या जागी पक्क्या वहीत मी सुंदर अक्षरात लिहिलं, "घेतली नाही." तेवीस वेळा. उरलेली रेघ टेकडीच्या पायवाटेसारखी हळू चढत उतरत गेली. खाली सरासरी, लाल चौकटीत: एकशे अडतीस.

सरासरी बाबांनाही मीच शिकवली होती, जेवताना. त्यांनी घास हातात धरून विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे लिफ्ट अर्धा दिवस तळात आणि अर्धा दिवस दहाव्या मजल्यावर राहिली, तर तुझ्या हिशेबाने ती पाचव्यावर?" "हो, सरासरी." "आणि पाचव्यावरची आजी पिशवी घेऊन बसलीय वाट बघत. तिला सांग जाऊन, आजी, लिफ्ट सरासरी तुमच्याच मजल्यावर आहे." आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले, आणि बाबांना म्हटलं, "तुम्हाला गणित कळत नाही." ते म्हणाले, "नाही कळत. दोर कळतो. दोर वजनाने एकदम तुटत नाही गं. सारखे धक्के खाऊन आतून एकेक तार जाते, वरून दिसत नाही." मी तेव्हा पाणी पीत होते. मी ऐकलं होतं. ऐकूनही ते माझ्या मनात कुठे जाऊन बसलं नाही, नुसतं बाबांचं एक बोलणं म्हणून गेलं.

प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. मुख्याध्यापकांनी माइक माझ्या हातात दिला आणि मी बोलले. मी! कानशिलं तापली नाहीत, शब्द रांगेत आले, मागच्या भिंतीपर्यंत पोचले, आणि लोक ऐकत होते. त्या दिवसापासून मी वर्गात हात वर करते, बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर "ओ काका" म्हणते, आरशात बघून केस बांधते. माझं हे सगळं नवं मोठेपण त्या हिरव्या रेघेवर उभं आहे. बाबा कामावरून तसेच आले होते, निळ्या कपड्यांत. गर्दीतून पुढे येऊन कागदासमोर उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून, मशीनसमोर उभे राहतात तसे. बराच वेळ. मग म्हणाले, "एवढी गुळगुळीत चालणारी लिफ्ट मी जन्मात पाहिली नाही." मी किती खूश झाले! मैत्रिणीला कोपर मारून म्हटलं, बघ, बाबांनाही आवडलं.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरबाईंकडे तीन महिन्यांची तपासणी होती. प्रयोगशाळेच्या रक्ताच्या कागदावरही तीन महिन्यांचं एक सरासरी माप येतं, तेही चांगलं आलं होतं, कारण खालचे आणि वरचे आकडे आत रक्तातसुद्धा एकमेकांना पुसून टाकत होते. बाईंनी तो कागद आणि माझी पक्की वही शेजारी शेजारी ठेवली. "वा! खाली कधीच जात नाही ना?" त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे बोट दाखवलं. "मग गोळी तीच राहू दे," बाई म्हणाल्या. अकरा दिवसांनी दुपारी बाबा मशीनच्या खोलीतून खाली आलेच नाहीत. इमारतीच्या पहारेकऱ्याला ते तिथल्या शिडीच्या पायथ्याशी सापडले, घामाने निथळलेले, छातीवर हात. इथे आणलं तेव्हा साखर अठ्ठेचाळीस होती. आम्ही पोचलो तेव्हा एक सिस्टर त्यांच्या डाव्या हाताला सुई लावायला जागा शोधत होत्या. त्यांनी मनगट उलटं केलं. "हे काय लिहिलंय? एकसष्ट?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आई भिंतीला टेकून रडत होती. "कसला आकडा गं हा?" मी म्हटलं, "माहीत नाही." सिस्टरनी स्पिरिटचा कापूस फिरवला, एकदा, दोनदा, आणि ते जाड पेन्सिलीचं एकसष्ट राखाडी होऊन कापसावर गेलं. दोन शब्द फक्त. चार दिवस झाले, मी दात घासताना, बुटाची नाडी बांधताना ते दोन शब्द परत परत म्हणतेय.

वरून कुणीतरी पत्र्यावर ठोकलं. "कितीजण आहात?" पुरुषाचा आवाज, विहिरीतून आल्यासारखा. "दोन बायका आणि साठ चादरी!" मावशी ओरडल्या. "मजला कितवा दिसतोय?" "पाच दिसतोय," मी ओरडले, "पण आपण पाचच्या वर आहोत." "आकड्याचं राहू दे. थांबायच्या आधी कशी चालत होती ते सांगा. सरळ थांबली की धक्का देऊन?" मी तोंड उघडलं, पण मावशींनी मला बाजूला सारलं. इतका वेळ साठवलेलं सगळं त्यांनी वर फेकलं: सोमवारपासून, चढताना, उतरताना, तिसऱ्याजवळ जास्त, भरला गाडा असेल तर विचारूच नका. वरचा माणूस मध्ये मध्ये नुसतं "हं" म्हणत होता. मग म्हणाला, "हे आधी सांगायचं ना मावशी. बरं झालं आत्ता तरी सांगितलंत." लिफ्ट हलली. मावशींनी माझा दंड धरला आणि सातवा मजला येईपर्यंत सोडला नाही. दार उघडल्यावर म्हणाल्या, "धिटुकली आहेस गं तू. मला नाही बाई जमलं असतं." धिटाई कुठली. माझ्या हातात कच्ची वही होती आणि तिचं सुटलेलं पान मी मुठीत चुरगाळून टाकलं होतं.

डॉक्टरबाई बाबांच्या खाटेशी उभ्याच होत्या. बाबा उशीला टेकून बसलेले, नाकाशी नळी, डाव्या मनगटावर सुई आणि तिच्यावर पांढरी चिकटपट्टी. "इन्स्पेक्टर उशिरा," ते म्हणाले. आवाज दोन मजले खाली गेल्यासारखा. "लिफ्ट अडकली होती." "कुठली? डावीकडची ना? मी आत आलो तेव्हाच... नाही, मी तेव्हा शुद्धीत नव्हतो." बाई हसल्या आणि हात पुढे केला. मी कच्ची वही दिली. त्यांनी पुट्ठा पाहिला. "ही नव्हे गं, ती दुसरी, छान होती ती." "हीच खरी आहे," मी म्हटलं. माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला नाही, खाटेच्या कडेपर्यंत कसाबसा गेला. "त्या वहीतून मी तेवीस आकडे काढले होते." बाबा पटकन म्हणाले, "मीच सांगितलं होतं तिला, बाई. ते आकडे काही बरोबर नव्हते, माझे हात..." "नाही," मी म्हटलं. "त्यांनी नाही सांगितलं. मी काढले. रेघ चांगली दिसत नव्हती म्हणून."

बाईंनी वही वाचली. पानं उलटताना बोटाला ग्रीस लागलं तरी पुसलं नाही. "चोपन्न. एकोणसाठ. हे सगळे दुपारचे." "हो." "आणि रात्री तीनशेच्या घरात. उपाशी काम, मग दाबून जेवण, वर साखर उतरवणारी ही गोळी." त्या पुन्हा मागे गेल्या. "सरासरी खोटी नव्हती तुझी. पण ज्याचं हृदय आधीच दुखावलेलं आहे ना, त्याला हे वर-खाली फार महाग पडतं. साखर एकदम खाली गेली की हृदयाची लय बिघडू शकते. अशा चढउतारांच्या माणसांना पुढे त्रास जास्त होताना दिसतो, सरासरी कितीही चांगली असली तरी." मी विचारलं, "माझ्यामुळे झालं का?" बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "तसं मी म्हणू शकत नाही. त्यांना पहिला झटका येऊन गेलेलाच होता. पण ही वही तेव्हा पाहिली असती तर ही गोळी मी त्याच दिवशी बंद केली असती." खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदावर त्यांनी एक नाव आडव्या रेघेने खोडलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबा छताकडे बघत होते. "प्रदर्शनातच कळलं होतं मला," ते म्हणाले. "मग बोलला का नाहीत?" "तू माइक घेऊन उभी होतीस. लोक ऐकत होते. मी काय, मध्येच हात वर करू?" मग श्वास घेऊन, "आणि खरं सांगू? मलाही बरंच वाटलं. ते चोपन्न बाईंनी पाहिलं असतं तर तेव्हाच वर चढणं बंद केलं असतं त्यांनी." मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी एकसष्ट होतं." त्यांनी मान वळवली. "वाचलंस तू?" "सिस्टरनी मला विचारलं होतं, हे काय आहे. मी माहीत नाही म्हटलं. त्यांनी पुसून टाकलं." बाबा हसले. मला धीर द्यायला हसले, नेहमीसारखे, एक भुवई वर करून. "अगं, ते लिहून मी जरा बसलो होतो. डब्यातली गोड गोळी तोंडात टाकावी असं मनात आलं. मग म्हटलं, हा आकडा काय, संध्याकाळी इन्स्पेक्टर काढूनच टाकणार. आणि चढलो शिडी." सांगून झाल्यावर त्यांचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, विसरून राहिल्यासारखं. मग आम्हा दोघांनाही एकमेकांकडे बघवलं नाही.

मी कच्ची वही उघडली. शेवटची नोंद त्या दिवशीच्या सकाळची होती, एकशे सोळा. तिच्या खाली मी तारीख लिहिली, दुपार लिहिलं, आणि एकसष्ट लिहिलं. माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं, सहाचं पोट फाटलं आणि शाई पसरली. मी पान फाडलं नाही. "आमच्या नोंदवहीत उशिरा लिहिलं तर शेजारी सही करावी लागते," बाबा म्हणाले. "कर." मी सही केली, पूर्ण नावाची, बक्षीस घेताना केली होती तशी.

तेवढ्यात सिस्टर मशीन घेऊन आल्या. बाबांनी सवयीने उजवा हात पुढे केला आणि डावं मनगट माझ्याकडे वळवलं. त्यावर सुई होती, चिकटपट्टी होती, तिच्या कडेने निळे डाग पडले होते. मशीन वाजलं. दोनशे सात. मी पेन उचललं आणि मनगटापाशी तसंच धरून राहिले.

"इथे जागा नाही राहिली गं," बाबा म्हणाले. "थेट वहीतच लिही."